पहिला उतरणारा

शेट्यांनी समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारून "दोन" असं बोटांनी सांगितलं. मला वाटलं अजून कोणी येणार असेल, म्हणून मी दाराजवळच्या पोत्यावरच टेकलो. पण चहा आला तो एक त्यांच्यापुढे आणि एक माझ्यापुढे.

चार वर्षांत सांगलीच्या हळदपेठेत मला कोणी चहा सांगितला नव्हता.

"घ्या मगदूम, निवतोय."

"कशाला बोलावलंत शेट?"

"आधी घ्या तर. नादार माणसानं चहा पिऊ नये असं कोर्टानं कुठं लिहिलंय?"

गादीवरचे दोन कारकून हसले. मीही हसलो. त्या वर्षांत माझ्यावरच्या प्रत्येक थट्टेला मी हसत असे.

"नादार नाही शेट आता. कोर्टानं मोकळं केलंय. कागद आहे."

"तो कागद घेऊन बँकेत गेला होता म्हणे."

"गेलो होतो."

"मग?"

"साहेब म्हणाले, तुम्ही कुणाचं देणं लागत नाही एवढंच यात लिहिलंय. दिलेलं तुम्ही परत करता, असं कुठं लिहिलंय ते दाखवा."

शेट्यांनी बशी खाली ठेवली. "हुशार आहे साहेब," ते म्हणाले.

माझा धंदा पेवांचा होता. आमचं गाव सांगलीपासून दोन कोसांवर, नदीकाठी. तिथली जमीन चिकण आणि घट्ट. त्या जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा घ्यायचा, तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं आणि आत पोट रांजणासारखं मोठं. आतून पाचट आणि गवताचं अस्तर लावून हळद भरायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती. त्याला पेव म्हणतात. पेवातल्या हळदीला कीड लागत नाही, रंग उतरत नाही. व्यापारी माल ठेवायचा, पेववाला पावती द्यायचा, त्या पावतीवर बँक कर्ज द्यायची. जमिनीखाली काय आहे ते कोणी बघत नसे, पावतीवरचं नाव बघत. मी हमालीतून वर आलेला माणूस, सही येत नव्हती. पण माझा अंगठा बघून पेठेत लोक डोळे मिटून पैसे मोजत.

ते सगळं दोन वर्षांत गेलं. माझी नऊ पेवं होती. आठांत पुराचं पाणी शिरलं आणि अकराशे पोती कुजली. लोक पावत्या घेऊन दारात उभे राहिले. मी नादारीचा अर्ज केला. कोर्टाच्या रिसीव्हरनं घर, बैलजोडी, आठ पेवांची जागा विकली आणि लोकांना रुपयाला चार आणे वाटले. पुढे मला मोकळं केल्याचा हुकूम झाला. नववं पेव तेवढं माझ्याकडे उरलं, कारण लिलावात त्यावर कोणी बोलीच लावली नाही. त्या पेवात माणूस मेला होता.

"यंदा पीक उदंड," शेटे म्हणाले. "कुणाचं पेव रिकामं नाही. माझी दोनशे पोती गोदामात पडलीत आणि त्यांना भुंगा लागायला लागलाय. तुमचं ते एक आहे ना?"



"आहे."

"कोरडं?"

"उंचावर आहे. पुरातसुद्धा पाणी आलं नाही तिथं."

"मग परवा गाड्या लावतो. भाडं निम्मं."

"निम्मं का शेट?"

"नादारीचं निम्मं. पुढल्या वर्षी पुरं देईन." ते जरा पुढे झुकले. "पण एक सांगतो. दाजीबाची टोळी उतरली पाहिजे. परगावची माणसं आणून भरलंत तर मला नको. गावची टोळी उतरली की पेठेला कळतं की मगदूमचं पेव चालू झालं. मग तुमच्या पावतीला मीच काय, बँकसुद्धा विचारील. टोळी नाही उतरली तर गाड्या आल्या तशा परत. बुडालेल्या माणसाला मी हात देईन, मगदूम. भुताला नाही देणार."

"उतरवतो."

"आणि पावतीवर सही पाहिजे. अंगठा नको. तुमचा अंगठा आता पेठेत चालत नाही."

"सही येते."

"कधीपासून?"

"प्रौढांच्या वर्गात शिकलो."

"या वयात? कशापायी?"

मी म्हणालो, हिशेब समजावा म्हणून. ते खरं नव्हतं. कोर्टातून मला माझ्या देण्याची यादी मिळाली होती, सत्तेचाळीस नावांची. ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं मला धाडस होत नव्हतं. सेहेचाळिसाव्या वर्षी पाटी घेऊन बसलो ते त्यासाठी. आठ महिन्यांनी मी एकतिसाव्या नावापर्यंत पोहोचलो. तानूबाई ईश्वरा जगदाळे, मयताची मजुरी, रुपये अठ्ठेचाळीस. मयत हा शब्द मी एकेक अक्षर लावून वाचला. सोपा आहे, त्यात जोडाक्षर नाही.

*

दाजीबाची टोळी पेवांच्या माळावर चिंचेखाली जेवत होती. दाजीबा त्यांचा मुकादम, जाडा आणि तोंडाळ. पूर्वी माझ्याकडे होता.

"या मालक, भाकरी खावा," तो म्हणाला. "का आता कोर्टाला इचारून खातासा?"

पोरंबाळं नव्हेत, चांगली बापई माणसं खो खो हसली. मी खाली बसलो आणि शेट्यांचं सगळं सांगितलं. हसणं हळूहळू थांबलं.

"कुठलं पेव?" दाजीबानं विचारलं, माहीत असून.

"उंचावरचं."

"त्या परास आमाला नदीत ढकला की."

"दाजीबा, परवाची सबंध दिवसाची मजुरी आधी देतो. आत्ता."

"मजुरीचं न्हवं वो." त्यानं भाकरी फडक्यात गुंडाळली. "तुमीच सांगा. दुसऱ्या पेवात आमी कशाच्या भरवशावर उतरतो? कंदिलाच्या. फरशी काढायची, निम्मा दिवस पेव उघडं ठेवायचं, मग जळता कंदील दोरानं सोडायचा. इझला तर आत वारं वाईट हाय. जळला तर माणसानं उतरायचं. माझ्या आज्यापासनं हेच चालत आलंय. आन् त्या पेवात काय झालं? कंदील जळत ऱ्हायला आन् माणूस गेला. मग आमी कशाकडं बघून उतरायचं?"



"त्ये पेव माणूस मागतंय," मागून एक म्हातारा हमाल म्हणाला. "ईश्वरा आत बसलाय. रानात जाताना मी ऐकलंय, खाली कुनीतरी खोकतंय."

"तू तुझाच खोकला ऐकलास," कोणीतरी म्हणालं, पण त्यावर कोणी हसलं नाही.

खरं सांगतो, मीही ऐकत असे. खोकला नव्हे. चार वर्षांत त्या फरशीवर गुडघाभर गवत वाढलं होतं. तिथे कोणी गुरं बांधत नसे. संध्याकाळी पोरं रडली की बाया म्हणत, गप, न्हाईतर ईश्वरा न्हील. त्या माळावरून जाताना मी पाय हळू टाकायचो, वर कोणी चालतंय हे खाली कळू नये म्हणून.

उठताना दाजीबा म्हणाला, "एक सांगू? तानाक्का म्हणंल तर उतरू. तिचा नवरा गेलाय. ती तोंडाशी येऊन बसली तर त्यो आमाला धरणार न्हाई."

"ती येईल?"

"ते तुमी इचारा. तिच्याम्होरं तोंड घिऊन जायचं तुमच्याच अंगात असंल तर."

*

तानाक्का गावातल्याच एका वखारीत हळद निवडायला जात असे. मी गेलो ती दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ होती. दहा-बारा बाया रांगेनं बसल्या होत्या, पुढ्यात हळकुंडांचे ढीग, हात कोपरापर्यंत पिवळे. मला बघून त्यांचं बोलणं बंद पडलं. तानाक्का उठली, पदराला हात पुसले आणि बाहेर भिंतीच्या सावलीत आली. चाळिशीची असेल, पण केस पार पिकले होते.

"आलासा मालक," ती म्हणाली. तिचा नवरा गेल्यापासून आम्ही समोरासमोर बोललो नव्हतो. "काय काम काढलंसा?"

मी सांगितलं. आतून सुपाचा आवाज येत होता.

"म्हंजे मी येऊन बसले की तुमचं नाव हुभं ऱ्हाईल."

"तुझ्याशिवाय टोळी उतरत नाही."

"आन् टोळीबिगर शेट न्हाई, शेटाबिगर बँक न्हाई." ती जराशी हसली. "कोर्टातनं बारा रुपय मिळालं बघा मला. अठ्ठेचाळिसाचं बारा. त्या सायबानं अंगठा घेतला आन् म्हणला, बाई, आता तुमचं त्यांच्याकडं काय ऱ्हायलं न्हाई."

"बाकीचे छत्तीस मी..."

"मागाय आले का मी?"

मी खिशाकडे नेलेला हात मागे घेतला.

"एकच सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्या दिशी कंदील सोडला हुता?"

हा प्रश्न मला फौजदारानं विचारला होता, पंचांनी विचारला होता, टोळीनं विचारला होता. प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं होतं. तिनं मात्र त्या चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिच्या मागे वखारीच्या दारात बाया वाकून बघत होत्या. माझ्या मनात शेट्यांच्या गाड्या होत्या. निम्मं भाडं, पुढल्या वर्षी पुरं.

"सोडला होता," मी म्हणालो.

"जळत हुता?"

"जळत होता."

तिनं मान हलवली. "बरं. उद्या येते. दाजीबाला सांगा, ईश्वरा कुणाला धरणार न्हाई. मी तोंडाशी बसते."

कंदील सोडला नव्हता.

त्या दिवशी सकाळी हळदीचा भाव एकदम चढला होता. एका व्यापाऱ्याचा ट्रक येऊन उभा होता, दुपारच्या सौद्याआधी माल पेठेत पोहोचवायचा होता आणि मी शब्द देऊन बसलो होतो. टोळी दुसरीकडे होती. ईश्वरा एकटाच सापडला, त्याला मी दुसऱ्या कामावरून ओढून आणलं. फरशी काढून तास झाला नसेल. तो म्हणाला, मालक, वारं जाऊ द्या जरा. मी म्हणालो, तू पहिला दोर बांध. पंधरा वर्षं तो माझ्याकडे होता, माझ्या शब्दावर उतरायचा. उतरला. खाली पोहोचल्यावर त्यानं कमरेचा दोर सोडला आणि एकदाच हाक मारली, "मालक?" ओरडला नाही. काहीतरी विचारायचं राहून गेलं असावं तसा आवाज. मी वाकून म्हणालो, "काय रे?" मग मी दोर ओढला, तर दोर हलका आला.

फौजदारानं बाहेरची माणसं उतरवून प्रेत वर काढलं, आतला मालही काढून फरशी लावली. त्याच्यापुढे मी घाबरलो. कंदील सोडला होता, जळत होता, असं सांगून बसलो. हे खोटं एका माणसाचा जीव गेल्यावर दुसऱ्याचा, माझा, वाचवायला पुरेल असं मला वाटलं होतं. पण कंदील जळत असूनही माणूस मेला म्हटल्यावर टोळीला माझ्याकडच्या कंदिलाचाच भरवसा राहिला नाही. माझ्या एकाही पेवात कोणी उतरेना. दोन पावसाळे माल आत अडकला आणि दुसऱ्या पावसाळ्यात पूर आला. पेठेत लोक म्हणायचे मगदूमला नदीनं बुडवलं. मी कोणाला काही सांगितलं नाही.

*

सकाळी गवत काढून फरशी उचलली. आतून कुबट, गार हवा आली आणि टोळी दहा पावलं मागे झाली. आम्ही थांबलो. शेट्यांच्या आठ गाड्या माळाच्या कडेला उभ्या होत्या, बैल सोडले होते. शेटे छत्री घेऊन चिंचेखाली बसले होते. ऊन डोक्यावर येईपर्यंत कोणी घाई केली नाही. मी तर नाहीच.

तानाक्का आली आणि पेवाच्या तोंडाशी मांडी घालून बसली, चुलीपाशी बसावं तशी. तिनं आत वाकून बघितलं.

"गवत कुजलंय," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई. दाजीबा, भेतोस व्हय रं? माझा नवरा तुला जित्तेपणी कधी बोलला न्हाई, आता काय बोलनार हाय?"

टोळी हसली. चार वर्षांत त्या जागी कोणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दाजीबानं डोक्याचं मुंडासं सारखं केलं. "चला," तो म्हणाला. माणसं दोर आणि पाट्या आणायला गाड्यांकडे गेली.

मी कंदील पेटवून आत सोडला. ज्योत थोडी लहान झाली, मग सरळ उभी राहिली. बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि वर घेतला. तानाक्कानं तो माझ्या हातातून घेतला आणि पदरानं काच पुसायला लागली. आम्ही दोघंच होतो.

"ही काच त्या दिशी माझ्या घरात हुती," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"काजळी धरली की ईश्वरा घरी आणायचा. मी राखेनं घासून द्यायचे. त्या दिशी सकाळी तशीच चुलीपाशी ठिवून गेला. म्हणला, आज पेवाचं काम न्हाई, सांजच्याला नेतो." ती काच उन्हात धरून बघत होती. "बिनकाचेचा कंदील ह्या माळावर जळतोय व्हय मालक? पेवाच्या तोंडापतूरसुदिक जायचा न्हाई."

गाड्यांकडे दाजीबा कुणाला तरी ओरडत होता. मी खाली बसलो. 

"तुला माहीत होतं."

"पयल्या दिसापासनं."

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? फौजदाराला? मालकाच्या इरोधात बोललेल्या बाईला कोण काम दिलं असतं? दोन पोरी हुत्या माझ्या."

"आणि काल? काल मी परत..."

"काल मी तुमाला इचारलं. काल खरं बोलला असता तर मी आज हितं आलेच असते. शेट आला नसता, पण टोळीला मी घिऊन आले असते. सोताच्या तोंडानं सांगितलं असतं, कंदील सोडला नव्हता, पेवात काय न्हाई, ईश्वरा भूत न्हाई. बाया पोरांना त्येच्या नावानं भ्या घालत्यात. ते मोडायला मी आलेय. तुमच्या पावतीसाठी न्हाई."

मी मागे वळून बघितलं. टोळी दोर घेऊन येत होती. "मी आत्ता सांगतो," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर. शेटेपण आहेत. सांगतो, तानाक्का."

"न्हाई."

"का?"

"माणसं उतरली, वर आली, की भूत आपसूक मरतंय. ईश्वराचं माझं मी बघितलं." तिनं काच परत कंदिलाला बसवली. "तुमाला सांगून मोकळं व्हायचंय. कोर्टानं केलं तसं. ते मी हू देनार न्हाई."

दाजीबा आला आणि कमरेला दोर बांधायला लागला. तानाक्कानं त्याच्या हातातून दोराचं टोक काढून घेतलं.

"तू मागनं," ती त्याला म्हणाली. "पयला मालक उतरल."

दाजीबा बघत राहिला. "मालक? कवा उतरल्यात मालक?"

"आजपासनं. दर खेपेला पयला मालक." मग ती माझ्याकडे वळली. तिनं मला त्याआधी कधी एकेरी हाक मारली नव्हती. "उतर, सातगोंडा."

मी उतरलो.

एकोणीस वर्षं मी पहिला उतरलो. शेट्यांनी ती गोष्ट त्याच संध्याकाळी पेठेत नेली. मालक स्वतः उतरतो, मग माणूस उतरवतो, असा पेववाला पाहिला का कुणी? पुढल्या वर्षी भाडं पुरं मिळालं. त्याच्या पुढल्या वर्षी बँकेच्या साहेबांनी मला खुर्ची दिली आणि माझ्या सहीच्या पावतीवर कर्ज मंजूर केलं. म्हणाले, मगदूम, तुमची पत आता जुन्यापेक्षा भारी आहे. मी परत चार पेवं घेतली. दरेक पेव उघडताना तानाक्का येऊन तोंडाशी बसायची आणि मजुरीशिवाय एक पैसा घ्यायची नाही. छत्तीस रुपये मी तीनदा पाठवले, तिन्ही वेळा परत आले. लोक तिला म्हणत, मालकानं तुझ्यावर माया ठेवली हो. ती मान हलवायची. माझे गुडघे गेले तेव्हा मी तिला एकदा म्हणालो, आता बास कर तानाक्का. ती हळद निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

ती गेली त्याला सात वर्षं झाली. दाजीबाही नाही, शेटेही नाहीत. त्या दिवशी ज्यांच्यासमोर मी हे सांगणार होतो त्यांच्यातलं आता कोणी उरलं नाही.

त्या पहिल्या दिवशी दोर माझ्या काखेत रुतत होता. वरचा उजेड लहान होत गेला. पाय कुजलेल्या गवताला लागले आणि घोट्यापर्यंत आत गेले. मी दोर सोडला नाही. भोवती अंधार होता, त्या अंधारात जुन्या हळदीचा वास होता आणि माझाच श्वास भिंतीला लागून परत येत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ईश्वरा नेमका कुठे पडला असेल ते मी हातानं चाचपत होतो. वर बघितलं. ताटाएवढं आभाळ, आणि त्यात तिचं डोकं वाकलेलं. चेहरा दिसत नव्हता.

"श्वास घेता येतुया?" तिनं वरून विचारलं.

मी दोर आवळून धरला.

"येतोय."

"मग घटकाभर थांब तितं."

घटका म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नाही. मी थांबलो.